पहिल्या लुगड्याचं माप

पहिल्याच तासाला सरांनी चपला काढल्या, फळ्याशेजारच्या भिंतीला पाठ टेकली, मान ताठ केली आणि म्हणाले, "या. मला मोजा."

कुणी हललं नाही. बेळगावातलं कॉलेज, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, निम्मी पोरं खानापूर-चिकोडीकडून येणारी. प्राध्यापक म्हणजे गंभीर चेहऱ्यानं येऊन फळा भरणारा माणूस, एवढीच आमची कल्पना. सरांनी खिशातून शिंप्याची टेप काढून पहिल्या बाकावर टाकली. एकेकानं यायचं, उंची मोजायची, आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालायची, शेजाऱ्याला दाखवायचा नाही. मग सबंध तास आम्ही आमच्या सांख्यिकीच्या प्राध्यापकाला मोजत राहिलो. दारावरून जाणारा शिपाई थबकला, थोडा वेळ बघत उभा राहिला आणि हा मानूस सुम्ने, म्हणजे उगाचच, पगार घेतोय, असं कानडीमिश्रित काहीतरी पुटपुटत निघून गेला.

चिठ्ठ्या उघडून सरांनी आकडे फळ्यावर लिहिले. दोन पोरांचं पटलं तर तिसऱ्याचं पटेना. कुणी चपलांच्या खुणेपासून मोजलं होतं, कुणी केसांवरून, कुणी केस दाबून. एकानं तर सरांना जवळजवळ दाराच्या चौकटीला लावलं होतं.

"मानूस एकच हाय. आकडं एवढं आलं. आता सांगा, मी केवढा?"

मागून कुणीतरी सरासरी म्हणालं. सर खूश होतील असं आम्हाला वाटलं. ते चपला घालत म्हणाले की सरासरी हा तुमचा अंदाज झाला, त्यानं माझी उंची वाढत न्हाय की कमी होत न्हाय. मी खरा केवढा, ते तुम्हाला कधीच कळायचं न्हाय. कळत न्हाय ते किती कळत न्हाय, एवढंच इथं तीन वर्षं शिकायचं.

मी सुन्न झाले. मी वडगावातल्या विणकराची मुलगी. आमच्या घरात माप म्हणजे शब्द. लुगडं पुरं आहे म्हटलं की पुरं. घरातली पहिली कॉलेजात आलेली मी, फी भरून, बापाला पटवून, आणि पहिल्याच दिवशी हा माणूस सांगतो की खरं माप कळतच नाही. आज मी पदवीधर आहे, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते, आणि हे सगळं लाजत सांगत नाही. पण त्या दिवशी घरी जाऊन विषय बदलावा का, असा विचार मी खरोखर केला होता.

सर निपाणीचे. रोज लाल बसनं यायचे, रोज तिनंच परत जायचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, आणि अंगाला तंबाखूचा बारीक वास. स्वतः ते सुपारीसुद्धा खात नसत, पण घराशेजारी तंबाखूची वखार होती आणि तो वास धुऊन जात नाही म्हणायचे. बोलणं पक्कं निपाणीचं. फळ्यावर इंग्रजी, तोंडात गावची भाषा, आणि दोन्हींत त्यांना कधी अडखळताना मी पाहिलं नाही.

एकच प्रश्न त्यांच्या तोंडात कायम असायचा: "कुठनं उचललंस?" कुणी म्हणालं की चिकोडीची पोरं गणितात कच्ची, की सर विचारणार, कुठनं उचललंस? कुणी म्हणालं यंदा मिरची तिखट नाही, तरी तेच. शनिवारच्या बाजारात त्यांना पाहिलं की मिरचीवाल्या बायका पोत्याच्या तोंडावर हात आडवा धरायच्या. कारण सर वरची मिरची कधी बघतच नसत. कोपरापर्यंत हात पोत्यात घालून तळातली एक, कडेची एक, मधली एक अशी काढायचे. एका बाईनं त्यांना तोंडावर विचारलं होतं, घेनार पावशेर आन् पोतं फाडनार व्हय? सर तिला मनापासून म्हणाले, बाई, मी पोत्याला नावं ठेवत न्हाय, वरच्या मिरचीवर माझा इश्वास न्हाय.

त्यांचा खरा राग एका म्हणीवर होता. शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण वर्गात कुणी उच्चारली की सर खडू खाली ठेवायचे. आमच्या एका वर्गमैत्रिणीच्या बहिणीचं लग्न खानापूरला होतं, तिथं त्यांनी काय केलं ते सगळ्या वऱ्हाडानं पाहिलं. अक्षता पडायच्या आत ते मंडपामागं आचाऱ्याकडं गेले. आचाऱ्यानं भाताच्या मोठ्या पातेल्यातलं मधलं एक शीत चिमटीत दाबून भात झाल्याचं सांगितलं होतं. सरांनी त्याच्या हातातला झारा घेतला आणि कडेनं तळापर्यंत खुपसला. आचाऱ्यानं जे बोलायला सुरुवात केली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलीचा बाप धावत आला. सरांनी झाऱ्यातला भात त्याच्यापुढं धरला. मधला भात मऊ होता, कडेचा दाताखाली कचकचत होता. पातेलं पुन्हा चुलीवर गेलं, पंगत लांबली, आणि पाहुण्यांतला निम्मा राग आचाऱ्यावर आणि निम्मा सरांवर निघाला. आम्ही पोरं मान खाली घालून बसलो होतो. सर मात्र पंगतीत शांतपणे जेवले आणि जाताना आचाऱ्याला म्हणाले, तुझा हात चांगला हाय, फक्त शीत उचलायची जागा बदल.

त्यांच्या लग्नाची गोष्ट त्यांच्या बायकोनंच आम्हाला सांगितली. आम्ही काही जणी एकदा निपाणीला त्यांच्या घरी गेलो होतो. पाहण्याच्या कार्यक्रमाला सर एकदा जाऊन होकार-नकार द्यायला तयार नव्हते. एका संध्याकाळी नटूनथटून बसलेली मुलगी बघून काय कळतं, त्यांचं म्हणणं. न सांगता, वेगवेगळ्या वेळेला, तीनदा येणार. दोन घरांनी त्यांना दारातून परत लावलं. तिसऱ्या घरची मुलगी म्हणाली, चालेल, पण मीबी तुमच्या घरी तीनदा येणार, न सांगता. आणि आली. एकदा तर सर अंगणात लंगोटावर पाणी तापवत होते. सरांच्या पत्नी हसत हसत सांगत होत्या आणि सर बाजूला बसून गंभीरपणे म्हणत होते की तीन बी कमीच पडतात, पण चौथ्यांदा जायला तोंड न्हवतं.

असा माणूस आमच्या घरात आला, आणि घर मोजून गेला. ते सांगायला मी बसले आहे.

आमच्या घरी दोन यंत्रमाग. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, थोरले. काका धाकटा, तो त्यांना अण्णा म्हणतो. आप्पांच्या वडिलांपासून एक रीत चालत आलेली: नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा तो मोठा रूळ, मागावर चढला की नारळ फोडायचा, हळद-कुंकू वाहायचं, आणि त्या बीमाचं पहिलं लुगडं घरातल्या थोरल्यानं विणायचं. त्या लुगड्याच्या पदराला आतल्या बाजूनं हळदीचं बोट लावायचं. गठ्ठा बांधताना ते सगळ्यांत वर. पुढची सगळी लुगडी काका विणायचा, पण गल्लीत म्हणतात, पहिलं लुगडं बोलतं. व्यापारीसुद्धा वरचंच उघडून बघतो आणि गठ्ठा ठेवून घेतो. इतकी वर्षं कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना व्यापाऱ्यानं गठ्ठे परत पाठवले. या वेळी वरच्या लुगड्याला गज लावून बघितला, माल आखूड आहे, असं त्यानं फोनवर सांगितलं, आणि आप्पांच्या फोनचा आवाज मोठा असल्यामुळं ते शेजारच्या घरानंही ऐकलं. विणकराच्या गल्लीत आखूड माप ही शिवी आहे. आप्पांनी वरच्या गठ्ठ्याची दोरी कापली, हळदीचं बोट असलेलं पहिलं लुगडं काढलं आणि लोखंडी गजानं मोजलं. चार बोटं आखूड.

ते लुगडं आप्पांचं स्वतःचं होतं. कुणालाही वाटेल, माणूस आधी स्वतःकडं बघेल. आप्पांनी हिशेब वेगळा लावला. माझा हात पक्का, मी घट्ट विणतो. माझंच लुगडं चार बोटं आखूड, तर धाकट्याची किती असतील? आणि उभ्या धाग्यांवर लुगडं कुठं संपवायचं त्याच्या खुणा काका करायचा. म्हणजे खुणाच आखूड. म्हणजे प्रत्येक लुगड्यामागं सूत वाचवलं जातंय. म्हणजे ते सूत कुठंतरी जातंय. एका लुगड्यावरून आप्पा चार पायऱ्या चढले, आणि गठ्ठ्यातलं दुसरं लुगडं त्यांनी उघडूनही पाहिलं नाही.

काकूच्या आणि पोरांच्या देखत त्यांनी काकाला सांगितलं, "उद्यापास्नं मागावर बसू नगोस."

काकानं उत्तर दिलं नाही. खुंटीचा शर्ट घेतला. दुपारपर्यंत काका, काकू, पोरं शहापूरला काकूच्या माहेरी गेली होती. तो गप्प राहिला म्हणजे त्यानं कबूल केलं, असं आप्पांचं मत. तो गप्प राहिला म्हणजे त्याला फार लागलं, असं आईचं. घरात दोन माग होते, दोन्ही बंद पडले. ज्या घरात बोलणं खटखटाटावर मात करून करायची सवय, तिथं आता कुजबुजलं तरी ऐकू यायचं.

काही दिवस मी कॉलेजला गेले नाही. गेले तेव्हा सरांनी व्हरांड्यात अडवून कारण विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं, की घरात चोरी सापडली, लुगडी आखूड आली.

"कुठनं उचललं?"

वरचं, मी म्हणाले. पहिलं.

सरांनी रीत समजून घेतली. पहिलं लुगडं कोण विणतं, बाकीची कोण, खुणा कोण करतं. मग विचारलं की बाकीची लुगडी कुणी मोजली. कुणीच नाही, असं सांगताना माझा आवाज बारीक झाला. तीन वर्षं त्यांच्या वर्गात बसून, पहिल्या वर्गात पास होत, मी स्वतःच्या घरात तो प्रश्न विचारला नव्हता. सर माझ्यावर रागावले नाहीत. इतकंच म्हणाले की लुगडी आजच सोडून मोकळी पसरून ठेवा, कापडाला अंग सैल करू द्या, रविवारी येतो.

रविवारी निपाणीची सकाळची बस धरून सर आले, आणि आमच्याकडं यायच्या आधी शहापूरला जाऊन काकाला घेऊन आले. काकाला दारात बघून आप्पा उठून आत जाऊ लागले. सर म्हणाले की आप्पा, माप घ्यायला तुमच्यासारखा मानूस लागतो, तुमी गेला तर माझं काम अडतं. आप्पा थांबले. प्राध्यापकानं घरी येऊन असं म्हटल्यावर विणकर थांबतो.

सगळी लुगडी मोजायची म्हणजे दिवस गेला असता. सरांनी प्रत्येकाला नंबर दिला, नंबरांच्या चिठ्ठ्या केल्या आणि पितळी तांब्यात टाकल्या. चिठ्ठ्या कोण काढणार? आप्पा काढणार नाहीत, काका नाही, मी नाही. आईनं काढायच्या, कारण आईला कुठलं लुगडं कुठलं ते ठाऊक नव्हतं. आप्पा चिडले. म्हणाले, ही काय भिशी हाय व्हय सर? एवढी वर्षं विणतोय, मी हातात धरून सांगतो कुठलं मोजायचं ते. सर शांतपणे म्हणाले की म्हणूनच तुमी सांगायचं न्हाय.

फक्त हळदीच्या बोटाची लुगडी त्यांनी चिठ्ठीवर सोडली नाहीत. ती सगळी बाजूला काढायला लावली आणि सगळी मोजायची ठरवली.

मग ते सुरू झालं. प्रत्येक लुगडं तिघांनी मोजायचं. आप्पा, काका आणि मी. आकडा दुसऱ्याला ऐकू जाऊ द्यायचा नाही, सरांच्या कानात सांगायचा. माझे आप्पा, ज्यांनी सगळ्या गल्लीची मापं ठरवली, एका बाहेरच्या माणसाच्या कानाशी वाकून आकडा कुजबुजत होते. त्यांच्यामागं काका. एकमेकांकडं न बघता दोघं भाऊ एकाच लुगड्याची दोन टोकं धरत होते, कारण धरायला दुसरं कुणी नव्हतं. आई तांब्यात हात घालताना देवाचं नाव घेत होती.

दुपारी सरांनी आकडे आमच्यापुढं ठेवले. त्यात समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. चिठ्ठीनं निघालेली काकाची लुगडी पुरी होती. कुठं बोटभर जास्त, कुठं अर्धं बोट कमी, जसं हातानं काम केल्यावर व्हायचंच. हळदीच्या बोटाची सगळी आखूड. एकूणएक.

आप्पांनी गज हातात घेतला आणि सगळ्यांसमोर आपली लुगडी पुन्हा मोजली. एक. मग दुसरं. तिसऱ्याला त्यांनी गज खाली ठेवला. मी आप्पांना आजारी पाहिलं आहे, रागावलेलं पाहिलं आहे. असं कधी पाहिलं नव्हतं. तोंडचं पाणी पळाल्यासारखे ते नुसते लुगड्याकडं बघत होते.

हे कशानं, असं सरांनी विचारलं. उत्तर काकानं दिलं, जमिनीकडं बघत. "अण्णा पयल्या लुगड्याला मागं वजन जादा टाकतो. घट्ट निघावं म्हणून."

तेवढ्यावर सगळं उलगडलं. जास्त वजनानं उभे धागे ताणले जातात. ताणलेल्या धाग्यावर खूण पुरी असते, मागावर लुगडं पुरं दिसतं. खाली उतरवलं, रात्रभर पडून राहिलं की कापड आवळतं आणि आखूड होतं. आप्पांनी मान राखायला, घराण्याच्या नावासाठी वजन टाकलं होतं, आणि नेमकं तेच लुगडं गठ्ठ्याच्या वर जाऊन बसत होतं. व्यापारी तेच मोजत होता. आम्ही सगळे तेच मोजत होतो.

शेवटी आप्पा सरांकडं वळले. "म्हंजे माझा भाऊ चोर न्हाय. सर, एवढं एकदा तुमच्या तोंडानं म्हणा."

मला वाटलं, झालं. संपलं. आता सर म्हणतील आणि काका उठेल आणि आप्पा त्याचा हात धरतील.

सर म्हणाले, "ते मला म्हणता येत न्हाय."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. आप्पांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं.

"लांबीवरनं त्याला चोर म्हणायला काय आधार न्हाय," सर म्हणाले. "एवढंच म्हणतो. मी लांबी मोजली. मानूस मोजला न्हाय."

"म्हंजे चोर असंलबी?"

"असंलबी, नसंलबी. या आकड्यातनं ते निघत न्हाय."

आई पदर तोंडाला लावून पुढं आली. "सर, पाया पडते तुमच्या, म्हणा की. तुमचं काय जातंय?"

सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "जातंय, वहिनी," एवढंच म्हणाले.

काका उठला. आप्पांकडं न बघता त्यानं सरांना हात जोडले आणि दाराबाहेर पडला.

बसस्टँडपर्यंत मी सरांबरोबर चालत गेले. तिथं राहवलं नाही. मी म्हणाले, सर, घर जोडायला आला होतात की मोडायला? एका शब्दाचा प्रश्न होता. सरांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. म्हणाले, पोरी, पेपरात तू असल्या आकड्यांखाली सिद्ध झालं असं लिहिलंस तर मी काय करतो? मी म्हणाले, लाल रेघ मारता. मग घरात येऊन मी कसं लिहू, असं म्हणून ते बसमध्ये चढले. खिडकीशी बसलेला तो माणूस त्या दिवशी मला दगड वाटला. गुरू मानलेल्या माणसाविषयी असं वाटणं फार वाईट असतं.

आप्पांनी माझ्याकडून काकाला निरोप पाठवला, ये म्हणून. नुसता निरोप नाही, चुकलं म्हणून. माझ्या आप्पांनी चुकलं म्हणणं ही आमच्या घरातली न ऐकलेली गोष्ट. काका आला नाही. सगळ्यांनी सरांना दोष दिला. मी सगळ्यांत जास्त.

आणि मग एका दुपारी काका कॉलेजच्या फाटकाबाहेर उभा दिसला. मला चहाच्या गाड्यावर घेऊन गेला. चहा आला तरी त्यानं पेल्याला हात लावला नाही.

"पयलं लुगडं अण्णानं काढलं की मी मागाचं चाक बदलत हुतो," तो म्हणाला.

मला क्षणभर समजलं नाही. मी विणकराची मुलगी आहे, मग समजलं. मागाला एक दातेरी चाक असतं, त्यावर ठरतं एका इंचात आडवे धागे किती बसणार. दाते वेगळे असलेलं चाक घातलं की आडवे धागे जरा विरळ बसतात. लांबी तीच, रुंदी तीच. कापड किंचित पातळ. हाताला कळावं इतकं नाही, पण गठ्ठ्यामागं सूत उरावं इतकं.

मी हातातला पेला गाड्यावर ठेवून दिला.

सुताच्या कांड्या त्यानं एका गोणीत साठवल्या होत्या. त्याला वेगळं व्हायचं होतं, स्वतःचा एक माग टाकायचा होता, आणि थोरल्या भावाला तोंडावर तसं सांगायचं धाडस नव्हतं. म्हणून आप्पांनी मागावरून उठवलं तेव्हा तो गप्प राहिला. लांबीची चोरी त्यानं केली नव्हती. पण चोरी केली नव्हती, असं म्हणायला त्याची जीभ उचलली नव्हती.

मी त्याला विचारलं की मग आता कशाला सांगतोस, लुगडी तर सगळी पुरी निघाली, सगळे तुझ्याच बाजूचे आहेत.

"तेच की गं," काका म्हणाला. "सगळी मला सादू करून बसली. सरानं बी तसंच म्हटलं असतं तर मी गप्प मान हलवून मागावर जाऊन बसलो असतो. जलमभर. त्यो एकटा म्हणाला, म्हाईत न्हाय. त्या मानसानं मला खरं बोलायला जागा ठिवली."

मी त्याच संध्याकाळी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. मग सर म्हणाले की लांबी मोजली कारण भांडण लांबीचं होतं. धागं मोजायचं माझ्या डोक्यात आलं न्हाय, ते यायला पाहिजे होतं. मी म्हणाले, म्हणजे आप्पांचंच खरं निघालं की सर. त्यांनी एका लुगड्यावरून चोर म्हटलं आणि चोर निघाला.

"खरं निघालं," सर म्हणाले. "म्हणून रीत खरी ठरत न्हाय. आंधळ्यानं दगड मारला आन् आंबा पडला."

मी विचारलं, आप्पांना सांगू का? ते म्हणाले, ते माझ्या विषयात येत न्हाय गं, आणि फोन ठेवला. मला हसू आलं आणि रडूही.

मला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी वीज नव्हती, गल्लीतले सगळे माग थंड. आप्पा मागाला तेल घालत बसले होते. काका खांद्यावर गोणी घेऊन आला, ती त्यांच्यापुढं ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चाक, सूत, वेगळं व्हायचं मनात होतं ते. एक शब्द त्यानं गाळला नाही. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, मी तिच्यामागं. आता आप्पा ओरडणार, मी म्हटलं नव्हतं का, असं म्हणणार, आणि त्यांना तो हक्कही होता, असं आम्हा दोघींना वाटत होतं. आईनं माझं मनगट धरलं होतं.

आप्पांनी तेलाची कुपी खाली ठेवली. गोणीत हात घालून एक कांडी काढली, धागा बोटांवर घेऊन ताणून पाहिला. परत ठेवली.

"किती लुगड्यातनं काढलंस?"

"मोजलं न्हाय, अण्णा."

आप्पांनी गोणीचं तोंड आवळून सुतळीनं गाठ मारली आणि ती काकाच्या पायाशी सरकवली.

"मग आता मोजू नगोस," ते म्हणाले. "उचल. तुझ्या मागाला लागंल. जड हाय, थांब, एक बाजू मी धरतो."